एसएमपीएसला आणखी हार्ड डिस्क झेपतील का? जोडण्याआधी करायचा हिशेब

ऐरोलीतले आमच्या शेजारचे काका रिटायर झाल्यापासून फ्लेमिंगोंच्या मागे लागले आहेत. थंडी पडायला लागली की पहाटे कॅमेरा गळ्यात अडकवून खाडीवर हजर. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, हे ते लिफ्टमध्ये भेटणाऱ्यालाही सांगतात. एका सकाळी दीड-दोन हजार फोटो, एकेक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची. म्हणजे एका फेरीत पन्नास जीबी कुठेच गेले नाहीत. कॉम्प्युटरमधल्या दोन्ही हार्ड डिस्क भरल्या तेव्हा त्यांनी इकडून-तिकडून चार जुन्या डिस्क जमवल्या आणि मला हाक मारली. "अरे, एवढ्या चार बसवून दे. एसएमपीएस ५०० वॅटचा आहे. दुकानदार म्हणाला, दहा बसतील."

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या वेगवेगळ्या लाइनमध्ये बदलून कॉम्प्युटरला पुरवणारा डबा. कॅबिनेटमध्ये जागा असेल तर दहा बसतीलही. त्या फिरतील का, हा प्रश्न वेगळा.

काकांच्या कॉम्प्युटरवर जे केलं तेच इथे क्रमाने लिहितो आहे. ज्यांनी कॅबिनेटचं झाकण आजवर उघडलेलं नाही, त्यांनाही जमेल. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर, मोबाइलचा टॉर्च आणि कागद-पेन पुरे. मल्टिमीटर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

डिस्क किती खाते, आणि कधी

सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होताना जिन्यातला दिवा क्षणभर मिणमिणतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पंप एकदा फिरू लागला की दिवा पुन्हा पूर्ववत. हार्ड डिस्कच्या पोटातही मोटर आहे आणि तिचा स्वभाव तोच आहे. थांबलेल्या तबकड्यांना मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांच्या वेगापर्यंत न्यायचं म्हणजे पहिली काही सेकंदं जोर लागतो. तेवढ्या वेळात डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टच्या लाइनवर साधारण पावणेदोन ते दोन अ‍ॅम्पियर ओढते, म्हणजे २० ते २५ वॅट. फिरायला लागल्यावर तीच डिस्क वाचता-लिहिताना ६ ते ९ वॅटवर येते आणि नुसती फिरत असली तर त्याहूनही कमी.

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. ते डिस्कवरचं लेबल वाचतात, १२ व्होल्टपुढे अर्धा-पाऊण अ‍ॅम्पियर लिहिलेलं दिसतं आणि 'मग काय, चिल्लर आहे' म्हणून पुढे जातात. लेबलवरचा आकडा बहुतेक वेळा चालतानाचा असतो. उठतानाचा आकडा कंपनीच्या डेटाशीटमध्ये 'स्टार्टअप करंट' किंवा 'पीक करंट' या नावाखाली सापडतो. शोधायचा कंटाळा आला तर डिस्कमागे दोन अ‍ॅम्पियर धरून चाला, चुकलात तरी सुरक्षित बाजूला चुकाल.

लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचं गणित वेगळं. ती १२ व्होल्टला हातच लावत नाही, सगळं ५ व्होल्टवर. उठताना साधारण एक अ‍ॅम्पियर. सॅटा केबलनं जोडायची एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, तीही ५ व्होल्टवरच चालते, पण तिच्यात मोटर नाही त्यामुळे उठतानाचा धक्का नाही. एसएसडी वाढवायची असेल तर हा लेख इथेच सोडून चहा प्यायला गेलात तरी चालेल.

एसएमपीएसच्या लेबलवर काय वाचायचं

कॉम्प्युटर बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. आता बाजूचं झाकण काढा. एसएमपीएसच्या एका अंगाला कोष्टक छापलेलं स्टिकर असतं. कधीकधी ते नेमकं कॅबिनेटच्या पत्र्याकडे तोंड करून बसलेलं असतं. मग चार स्क्रू काढून डबा थोडा बाहेर ओढायचा. पण फक्त बाहेर ओढायचा. त्याचं स्वतःचं झाकण उघडायचं नाही. आतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथे दबा धरून असतो.

काकांच्या डब्यावर '५००' हा आकडा दोन बोटं उंचीचा होता. खाली बारीक अक्षरात: +१२ व्होल्टला १६ अ‍ॅम्पियर, +५ व्होल्टला २०, +३.३ व्होल्टला १८. व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पियर म्हणजे वॅट, हे शाळेतलं गणित काढलं. बारा सोळे १९२. पाच वीसे १००. साडेतीनला जरा कमी गुणिले अठरा, जवळपास ५९. कॉम्प्युटर बंद असतानाही चालू राहणाऱ्या स्टँडबाय लाइनचे दहा-बारा घातले तरी बेरीज ३६५च्या आत. ५०० कुठून आले, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. कॅबिनेटसोबत 'फ्री' मिळालेल्या एसएमपीएसमध्ये असं पुष्कळदा दिसतं.

आणि ३६५ सुद्धा आपल्या कामाचे नाहीत. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे आणि डिस्कची मोटर, हे सगळे १२ व्होल्टच्याच ताटात जेवतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर कितीही शिल्लक असली तरी ती इकडे वळवता येत नाही. म्हणून मोठ्या आकड्याकडे दुर्लक्ष करा, +१२ व्होल्टसमोरचे अ‍ॅम्पियर कागदावर लिहा आणि हिशेब तिथूनच सुरू करा. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये एकट्या १२ व्होल्टवर ३४ ते ३७ अ‍ॅम्पियर मिळतात. काकांचे १६ त्याच्या निम्मेही नाहीत.

लेबल वाचताना आणखी काही खाचखळगे. 'पीक' किंवा 'मॅक्स' लिहिलेला आकडा क्षणभराचा असतो, सलग मिळणारा नव्हे. '+१२ व्होल्ट १' आणि '+१२ व्होल्ट २' अशा दोन लाइन दाखवल्या असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका. खाली 'कम्बाइन्ड' म्हणून एकत्र मर्यादा दिलेली असते, तीच खरी. '८० प्लस ब्राँझ' वगैरे शिक्का म्हणजे क्षमता नव्हे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते, एवढंच तो सांगतो. तरीही शिक्का असलेला डबा सहसा प्रामाणिक असतो, कारण तो कुणीतरी तपासलेला असतो. आणि मागच्या बाजूला ११५/२३० असं लाल बटण असेल तर ते २३०वरच आहे ना, हे बघून घ्या. आपल्याकडे ते ११५वर सरकवून प्लग लावला तर जो आवाज होतो तो शेजारच्या विंगमध्येही ऐकू जातो.

कागदावरचा हिशेब

दोन बेरजा करायच्या: एक भरधाव चालतानाची, दुसरी सुरू होतानाची. दोन्ही फक्त १२ व्होल्टच्या.

काकांचा प्रोसेसर आय-५ १२४००. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोरात काम करताना तो ११७ वॅटपर्यंत जातो, हे इंटेलच सांगते. मदरबोर्डवर १२ व्होल्टचं रूपांतर होताना थोडं वाया जातं, ते धरून १३५ वॅट, म्हणजे सुमारे ११ अ‍ॅम्पियर. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, ७५ वॅट, सहा अ‍ॅम्पियर. पंखे आणि किरकोळ, एक. झाले १८.

डिस्क अजून मोजल्याच नाहीत आणि १६ ची मर्यादा ओलांडली! मग इतके दिवस चाललं कसं? फोटो बघताना आणि बातम्या वाचताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही एकाच वेळी कधी पूर्ण ताकदीनं धावत नाहीत, म्हणून. फोटोंची मोठी बॅच एक्स्पोर्टला लावली की कॉम्प्युटर अधूनमधून रीस्टार्ट होतो, अशी काकांची जुनी तक्रार होतीच. त्यांनी तिचं खापर विंडोजवर फोडलं होतं.

आता डिस्क. जुन्या दोन, नव्या चार, एकूण सहा. चालताना प्रत्येकी १२ व्होल्टवर अर्धा अ‍ॅम्पियर, म्हणजे तीन. भरधाव बेरीज २१. सुरू होताना प्रत्येकी दोन, म्हणजे बारा. त्या क्षणी बाकीचा कॉम्प्युटर नुकताच डोळे उघडत असतो, त्याचे पाच धरले तर १७. दोन्ही बाजूंनी काकांचा एसएमपीएस नापास.

बेरीज मर्यादेच्या आत आली म्हणून लगेच खूश होऊ नका. नव्या, चांगल्या एसएमपीएसवर मी ८० टक्क्यांपर्यंत जातो. पाच-सहा वर्षं वापरलेल्यावर ६०-६५ टक्क्यांपलीकडे जात नाही. आतले कपॅसिटर उष्णतेनं वाळत जातात, आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत, टेबलाखालच्या कप्प्यात ढकललेलं कॅबिनेट म्हणजे छोटी भट्टीच. ही टक्केवारी माझ्या सवयीची आहे, कुठल्या नियमाची नाही.

५ व्होल्टचं काय? सहा डिस्कना प्रत्येकी अर्धा ते पाऊण धरले तरी चार-साडेचार अ‍ॅम्पियर. तिथे सहसा अडचण येत नाही. अडीच इंची डिस्कची रांग लावणार असाल तर मात्र ती बेरीजही करा.

वायर: खरा घात इथे होतो

एसएमपीएस दणकट आहे, हिशेब जमला, आणि तरीही डिस्क जळाली, असं का होतं? मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत दोष डब्यात नव्हता, वायरीत होता.

डिस्कला वीज देणारा चपटा, लांबट कनेक्टर म्हणजे सॅटा पॉवर. त्यात पंधरा पिना असतात. १२ व्होल्टसाठी तीन, प्रत्येकी दीड अ‍ॅम्पियर, म्हणजे एका कनेक्टरमधून जास्तीत जास्त साडेचार अ‍ॅम्पियर. आता 'एकाचे दोन' करणारा स्प्लिटर लावला तर दोन डिस्क उठताना चार अ‍ॅम्पियर घेतील. बसलं, पण अगदी काठावर बसलं. 'एकाचे चार' लावला तर आठ. त्या तीन पिना तापणार, प्लास्टिक मऊ होणार आणि मग वास येणार. बाजारात एकाचे पाच करणाऱ्या माळा राजरोस मिळतात. घेऊ नका.

एसएमपीएसमधूनच निघालेल्या एका दोरीवर तीन-चार सॅटा कनेक्टर असतात, ते ठीक. तिथे प्रत्येक डिस्कला स्वतःच्या पिना मिळतात, आणि मागची वायर जाड असते. शक्य असेल तर सहा डिस्क दोन वेगवेगळ्या दोऱ्यांवर तीन-तीन वाटा.

सॅटा कनेक्टर कमी पडले आणि जुना पांढरा, चार जाड पिनांचा मोलेक्स मोकळा असला तर त्यावरून सॅटा काढता येतो. मोलेक्सच्या पिना जास्त करंट सोसतात, म्हणून मूळ कल्पना वाईट नाही. वाईट असतात ते स्वस्त कन्व्हर्टर. विकत घेण्याआधी कनेक्टरची पाठ निरखून बघा. वायरी एका गुळगुळीत, ओतलेल्या प्लास्टिकच्या गोळ्यात शिरून दिसेनाशा होत असतील तर परत ठेवा. आत लाल, पिवळ्या, काळ्या वायरी एकमेकींना किती खेटून बसल्या आहेत ते बाहेरून कळत नाही, आणि काही महिन्यांनी त्या आतल्या आत शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. प्रत्येक वायर आपापल्या खाचेत वेगळी दाबून बसवलेली दिसते, तोच घ्या. तुम्हाला जास्तीत जास्त पन्नास-शंभर रुपये वाचवायचे असतात आणि पणाला लागलेले असतात चार वर्षांचे फोटो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोड्युलर एसएमपीएसच्या, म्हणजे ज्याच्या वायरी सुट्या करता येतात त्याच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, डब्याकडचं नसतं. तिथे कुठल्या पिनला १२ आणि कुठल्या पिनला ५ व्होल्ट, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. कनेक्टर आत बसतो, टिक आवाज येतो, बटण दाबलं की ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि त्या दोरीवरच्या सगळ्या डिस्क एकदम मरतात. घणसोलीतल्या माझ्या एका मित्राच्या तीन डिस्क अशाच गेल्या. एसएमपीएस नवा घेतला, आणि 'जुन्या वायरी आधीच नीट बांधलेल्या आहेत, कशाला काढायच्या' म्हणून त्याच ठेवल्या.

जोडताना एकेक

असलेल्या डेटाची आधी दुसरीकडे कॉपी काढा. हे वाक्य सगळे वाचतात आणि सगळे गाळतात.

मग एकच डिस्क जोडा. सुरू करा, कान द्या. हळूहळू चढत जाणारी घरघर आणि मग स्थिर आवाज, हे निरोगी लक्षण. घरघर चढते, 'टक्' होतं, पुन्हा चढते, पुन्हा 'टक्', असं असेल तर डिस्कला वीज पुरत नाही किंवा डिस्कच गेली आहे. ती एकटीच दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की दोहोंतलं कोणतं ते कळतं. पहिली नीट चालली की बंद करून दुसरी. चारही एकदम जोडल्या तर कोण कुरकुरतंय ते समजणार नाही.

बाहेरच्या यूएसबी डिस्कचं खोकं फोडून आतली काढली असेल आणि ती जोडल्यावर मुळीच फिरत नसेल तर घाबरू नका. काही नव्या डिस्कमध्ये सॅटा पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, अशी सोय केलेली असते. मोलेक्सवरून काढलेल्या कनेक्टरमध्ये ३.३ व्होल्टची वायरच नसते, त्यामुळे तिथे ती मुकाट्यानं सुरू होते.

सगळ्या लागल्या की क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. प्रत्येक डिस्कची कुंडली त्यात दिसते. तीन ओळी बघायच्या: 'पॉवर सायकल काउंट', 'पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट' आणि 'यूडीएमए सीआरसी एरर काउंट'. आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले दिसतात. फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज या वाटेनं जाऊन ते दशमानात करून घ्या. आज लिहून ठेवा, आठ दिवसांनी पुन्हा बघा. तुम्ही कॉम्प्युटर सात वेळा सुरू केला आणि पहिले दोन आकडे चाळीसनं वाढले असतील, तर डिस्कची वीज मधूनच तुटते आहे. तिसरा आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा डेटाची सॅटा केबल बदलली की भागतं, विजेचा संबंध नसतो.

मल्टिमीटर असेल आणि हात स्थिर असेल तर मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत मोजा: ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये हवं. लाल आणि काळी: ४.७५ ते ५.२५. हात थरथरत असेल तर सोडून द्या, टोकं एकमेकांना लागून शॉर्ट होण्यापेक्षा न मोजलेलं बरं.

हिशेब जमलाच नाही तर

काकांना मी तीन वाटा सांगितल्या.

पहिली, नवा एसएमपीएस. त्यांच्या कामाला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा पुरे. त्यात १२ व्होल्टवर चाळीसच्या वर अ‍ॅम्पियर मिळतात आणि आपली गरज २१. हजार वॅटचा घेऊन काही मिळत नाही. ठाणे स्टेशनच्या आसपास किंवा वाशीत विचारा, आणि दुकानात खोक्यावरचं कोष्टक वाचायला लाजू नका. काउंटरवरचा मुलगा 'साहेब, सेम असतं' म्हणेल. फारच चॉइस हवा असेल तर लॅमिंग्टन रोड आहेच, पण फक्त एका एसएमपीएससाठी ग्रँट रोडपर्यंत लोकलचे धक्के खाण्यात अर्थ नाही.

दुसरी, डिस्कच कमी करा. काकांनी जमवलेल्या चारही दोन-दोन टीबीच्या होत्या, सात-आठ वर्षं जुन्या. त्याऐवजी आठ टीबीची एकच घेतली तर चार मोटरींच्या जागी एक. मला विचाराल तर बहुतेकांसाठी हीच वाट बरी. जुन्या डिस्क खोक्यात घालून कपाटात ठेवा, दुसरी कॉपी म्हणून.

तिसरी, बाहेरचा डॉक किंवा एन्क्लोजर, म्हणजे डिस्क कॅबिनेटबाहेर ठेवून यूएसबीनं जोडणारं खोकं. साडेतीन इंची डिस्कचा डॉक स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतो, त्यामुळे एसएमपीएसवर काहीच भार येत नाही.

काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, प्रत्येक सॅटा पोर्टसमोर 'स्पिन अप डिव्हाइस' असा पर्याय असतो. डिस्कही साथ देत असेल तर त्यानं त्या एकामागून एक उठतात आणि सुरुवातीचा धक्का वाटला जातो. पण काठावरच्या एसएमपीएसला त्यानं तगवत बसू नका. भरधाव चालतानाची बेरीज त्यानं कमी होत नाही.

काकांनी पहिली आणि दुसरी, दोन्ही वाटा धरल्या. फ्लेमिंगोंच्या बाबतीत ते हात आखडता घेत नाहीत.

भिंतीकडची बाजू

पहिल्या पावसात लाइट जाते, येते, पुन्हा जाते. प्रत्येक वेळी डिस्क थांबून पुन्हा उठायच्या म्हणजे मोटर आणि एसएमपीएस दोघांचे हाल. बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाची सेटिंग शोधून ती 'ऑफ' ठेवा, म्हणजे लाइट आल्या आल्या कॉम्प्युटर आपोआप उठून बसणार नाही. दहा मिनिटं वीज स्थिर राहिली की मग तुम्ही बटण दाबा.

यूपीएस असेल तर त्याचे व्हीए आणि वॅट वेगळे असतात. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. मॉनिटर आणि राउटरही त्यावरच असतात, ते मोजायला विसरू नका.

शेवटचं एक काम. मोड्युलर एसएमपीएस घेतला असेल तर उरलेल्या केबल एका पिशवीत घाला, पिशवीवर मार्करनं एसएमपीएसचं मॉडेल लिहा आणि ती कॅबिनेटच्या तळाशी टाका. काकांच्या पिशवीवर मॉडेलखाली आणखी एक ओळ आहे, काकूंच्या अक्षरात: 'टाकू नये, विचारावे.'